आमची वाटचाल : उभ्या माणसाच्या नजरेतून

नोकरीत नऊ वर्षं मी इमारतींचे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, म्हणजे वरचा नकाशा, उभा छेद आणि दर्शनी बाजू, काढली. चित्राची पाळी यायची ती प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री, आणि मागणी ठरलेली: वरून दिसणारं दृश्य. त्यात अख्खी इमारत मावते खरी, पण तिथून ती कुणीच पाहणार नसतं. अजून न बांधलेल्या इमारतीच्या फाटकातून आत पाऊल टाकणाऱ्याला काय दिसेल, ते मला काढायचं होतं. राजीनामा दिला तो त्यासाठी. त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च तेवढा बाजूला काढला.

ही वाट जुनीच आहे. अमेरिकेतले ह्यू फेरिस आर्किटेक्ट म्हणून शिकले, आर्किटेक्ट कॅस गिल्बर्ट यांच्या ऑफिसात नोकरी केली आणि १९१५ मध्ये बाहेर पडून इतरांच्या इमारतींची चित्रं काढू लागले. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या बांधकामाच्या नियमांत इमारतीचा आकार कुठवर जाऊ शकतो, हे त्यांनी १९२२ मध्ये चार टप्प्यांच्या चित्रांतून दाखवलं. कायद्याची रुक्ष कलमं लोकांना डोळ्यांनी दिसली. आमचं काम सजावटीचं नाही, असं मी ठामपणे म्हणतो ते अशा चित्रांच्या जोरावर.

पहिल्या वर्षी एक जलरंगातलं काम घेतलं. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड कागद, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका दमात. बोर्ड तिरका ठेवायचा, रंगाचा ओघळ खालच्या कडेला साठू द्यायचा आणि तोच ब्रशच्या पुढच्या फटकाऱ्याने खाली ओढायचा. मध्ये थांबलं की डाग पडतो. चित्र पोचलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला: छज्जा रद्द झालाय, खिडक्याही बदलल्यात. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे सगळं पुन्हा काढलं, फुकट. फार लागलं ते मनाला.

तेव्हापासून आधी साधं थ्रीडी मॉडेल, त्यातून तीन-चार कोन, मग पेन्सिलचं रेखाटन. त्यावर सही झाल्याशिवाय रंगाला हात लावत नाही. अर्धी रक्कम आगाऊ. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या, पुढचीचे पैसे वेगळे. चित्र कुठे कुठे छापणार, तेही आधीच लिहून घेतो.

कोन ठरवण्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर धरली, तर सपाट जागेवर जवळच्या आणि लांबच्या उभ्या माणसांची डोकी जवळपास एकाच रेषेत येतात. लांबच्यांचे पाय तेवढे वर सरकतात. हे साधलं की बघणारा आपोआप चित्रात उभा राहतो.

आता आम्ही दोघं आहोत. मॉडेलची बाजू सहकारी सांभाळते, हाताचं काम माझ्याकडे. मध्यंतरी एका घराचं रेखाटन दाखवत होतो. मालकीणबाईंनी खिडकीपाशी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथे आईची चाकाची खुर्ची असेल.” आम्ही नजर १.२ मीटरवर आणून तोच कोन पुन्हा काढला. खिडकीचा कट्टा आडवा आला, बाग पार झाकली गेली, उरलं नुसतं आकाश. आर्किटेक्टनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि कट्टा खाली घेतला.