कन्फ्युशिअसच्या दारात तोंडी परीक्षा

एमबीबीएसला चीनमधल्या जीनानला होते, त्यामुळे व्हायवाची सवय होतीच. पण देवळाच्या तिकिटासाठी व्हायवा दिली ती एकदाच, 2014 च्या मे महिन्यात, छूफूला. चिनी तत्त्वज्ञ कन्फ्युशिअसच्या या गावानं 2013 पासून एक योजना काढली होती: 'लुन्यू' या त्याच्या वचनसंग्रहातली पाच वचनं दहा मिनिटांत तोंडपाठ म्हणून दाखवा, तिकीट फुकट. पैसे वाचणार म्हटल्यावर माझ्यातली पुणेकर जागी झाली.

पंधरा दिवस मी आजीच्या परवचासारखी घोकंपट्टी केली. अर्थ पटकन कळायचे, चिनी उच्चारांचे सूर मात्र दगा द्यायचे. रूममेट दात घासता घासता माझ्या चुका काढायची.

परीक्षक बाई वयस्कर होत्या. पासपोर्ट पाहिला आणि 'सुरू कर' म्हणून मान हलवली. तीन वचनं धडाधड झाली. चौथं होतं 'झ झ वेइ झ झ'. ठाऊक असेल ते ठाऊक म्हण, नसेल ते नाही म्हण, हेच खरं ज्ञान. नेमकी तिथेच अडकले. कुठला 'झ' कुठे, काही सुचेना. शेवटी 'बु झ दाओ', म्हणजे 'माहीत नाही', असं म्हणून टाकलं. बाई खो खो हसल्या. मग पुढचा शब्द त्यांनीच सुचवला आणि गाडी पुढे सरकली. पाचव्याला शिक्का मिळाला.

आत गेल्यावर मात्र घाई विसरले. कन्फ्युशिअस गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, इसवी सनपूर्व 478 मध्ये, त्याच्या राहत्या तीन खोल्यांचंच देऊळ केलं, असं सांगतात. आता एकापाठोपाठ एक नऊ चौक, किलोमीटरभर लांब. दरवाजा ओलांडला की पुढे आणखी दरवाजा, मध्ये जुने सायप्रस, आणि कासवासारख्या प्राण्यांच्या पाठीवर उभे शिलालेख. मुख्य दाचंग सभागृह 1724 मध्ये वीज पडून जळालं, ते 1730 पर्यंत पुन्हा उभं राहिलं. पिवळ्या कौलांचं दुहेरी छप्पर, जवळजवळ 25 मीटर उंच. समोरचे दहा दगडी खांब मी एकेक करून पाहिले: प्रत्येकावर दोन ड्रॅगन, ढगांतून एकमेकांकडे झेपावणारे, आणि कोरीव काम इतकं खोल की बोटाचं पेर आत जाईल. सम्राट यायचा तेव्हा हे खांब रेशमात गुंडाळत, कारण असे त्याच्या राजवाड्यातही नव्हते, अशी दंतकथा आहे. मला ती पटली.

सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका साध्या लाल भिंतीपुढे. छिन घराण्याच्या सम्राटानं ग्रंथ जाळायला काढले, तेव्हा कन्फ्युशिअसच्या नवव्या पिढीतल्या वंशजानं आपल्याकडची पुस्तकं घराच्या भिंतीत चिणून ठेवली. पुढे हान घराण्याच्या काळात एका राजपुत्रानं महाल वाढवायला ते घर पाडायला घेतलं, तेव्हा ती सापडली. आजची भिंत नंतरची, आठवण म्हणून बांधलेली. तिच्यासमोर उभी राहून मी चौथं वचन पुन्हा म्हणून पाहिलं.

या वेळी एका दमात आलं.