मसाईच्या सड्यावरून खोतवाडीपर्यंत

शनिवार, भाद्रपद

पन्हाळा ते पावनखिंड म्हटलं की लोकांना जुलैतली मोहीमच आठवते. दोन दिवस, पन्नास किलोमीटरच्या आसपास चाल, अंगावर सतत पाऊस आणि रात्री करपेवाडीच्या बाजूला मुक्काम. १६६०च्या आषाढात शिवाजी महाराज याच वाटेनं विशाळगडाकडं निसटले, तेव्हा ती पावसातच चालावीशी वाटणं साहजिक आहे. पण धुक्यात पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडं काही दिसत नाही, आणि वाटेतलं सगळ्यात देखणं ठिकाण न बघताच मागं पडतं. ते म्हणजे मसाई पठार. पन्हाळा ते खोतवाडी हा पहिला टप्पा एका दिवसाचा म्हणून वेगळा चालावा, आणि तोही आत्ता, गौरी-गणपती झाल्यावर.

पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघावं. कोल्हापूरहून पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, वाघबीळ चढलं की आलाच. गडावरून राजदिंडीच्या वाटेनं खाली उतरायचं. इथला जांभा ओला असला की त्याच्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, चकाकतो तो दगड टाळायचा. पाऊल टाचेवर न टाकता सपाट टाकायचं, म्हणजे घसरलं तरी तोल जात नाही. पुढं तुरुकवाडी, म्हाळुंगे. मध्ये पाणंद सोडून खाचराच्या बांधावर चढू नये. भात आत्ता पोटरीत आहे, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, नेमकं याच वेळी त्याला पाणी लागतं, आणि ओला बांध माणसाच्या वजनानं फुटला की खाचर रिकामं होतं. पाणंदीतला चिखल पिंडरीपर्यंत असला तरी चालावं त्यातूनच.

म्हाळुंग्यावरून चढ संपला की सडा लागतो, म्हणजे मसाई पठाराचा उघडा, सपाट कातळ.

या सड्याचा स्वभाव दगडात आहे. चुनखडीच्या मुलखात पाणी दगड विरघळवून आत वाट काढतं. इथं उलटं झालेलं आहे. बेसॉल्टच्या काळ्या दगडावर लाखो वर्षं ऊन-पाऊस पडून त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागं राहिलं, आणि वर एक तांबडी टणक टोपी तयार झाली. तीच जांभ्याची. टोपीवर माती बोटभर, काही जागी तेवढीही नाही. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचतं, भेगांतून आत मुरतं आणि पायथ्याला, जिथं जांभ्याखाली चिकट माती लागते, तिथं झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. कितीतरी वाड्यांचं पाणी असंच वरून येतं. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी कासारीतून पंचगंगेला जातं, उत्तरेकडचं वारणेच्या खोऱ्यात उतरतं, आणि दोन्ही पुन्हा एकत्र येतात ती थेट नरसोबावाडीला.

एवढ्याशा मातीत अन्न नाही, म्हणून इथली काही झाडं किडे खातात. सीतेच्या आसवांची जांभळी फुलं वाऱ्यावर डुलताना दिसतात, पण त्यांचे सापळे खाली चिखलात असतात. मोहरीएवढ्या फुग्यांत ती बारीक जीव ओढून घेतात. दवबिंदू या रोपाच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्याला बघायला अक्षरशः पोटावर झोपावं लागतं. गेंदाचे पांढरे ठिपके ओलीत, सोनकी कडेच्या उताराला.

म्हणून एक गोष्ट कळकळीनं लिहून ठेवते. चालायचं ते मळलेल्या गाडीवाटेनं किंवा उघड्या कातळावरून. फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढला की बोटभर माती दबते, पुढच्या पावसात वाहून जाते आणि तिथं पुन्हा माती जमायला आयुष्य पुरत नाही. आपला एकच पाय पडतो असं प्रत्येकाला वाटतं. दिवसभरात तसे हजार पडतात.

धुकं आलं तर घाई करू नये. गाडीवाट पायाखाली ठेवायची. ती सुटली तर शेवटच्या ओळखीच्या जागी परत यायचं, अंदाजानं सरळ रेषेत कापत जायचं नाही. पश्चिमेकडं चालताना पावसाळी वारा तोंडावर, जरासा डाव्या गालावर लागतो. तो पाठीवर लागायला लागला तर दिशा चुकलेली आहे. मात्र कडेजवळ वारा वळतो, तिथं हा ठोकताळा चालत नाही. कडेपासून दहा पावलं आतच राहावं. जांभ्याखालची मऊ माती झिजून जाते आणि टोपीचा दगड पुढं अधांतरी राहतो, वरून मात्र तो अखंड दिसतो. उतारावर पडलेले गाडीएवढे धोंडे असेच निखळलेले आहेत.

छत्री इथं निरुपयोगी, वारा उलटी करतो. कोपरापर्यंत बाह्यांचा रेनकोट बरा.

रविवार

उतरणीचं राहिलं. कुंभारवाडीकडं उतरताना जांभा संपून तांबडी माती लागते आणि पाऊस नसला तरी घसरगुंडी असते. काठी पुढं टेकून, गुडघे किंचित वाकवून, पावलं लहान. बुटाच्या तळाला खोल गट्टू हवेत. शहरात पळायचे बूट या मातीत तासाभरात गुळगुळीत होतात, कारण चिखल खाचांत भरून बसतो. झाडीच्या ओढ्यात जळवा असतात. ओढून काढू नये, मिठाची पुरचुंडी लावली की सुटतात.

बेताच्या चालीनं खोतवाडीपर्यंत दुपार होते. परतीची गाडी आदल्या दिवशी ठरवलेली असावी, नाहीतर पन्हाळ्याला उलटं चालण्याएवढा उजेड हाताशी ठेवून अर्ध्यातून फिरावं.

पाणी आत्ता माणशी दोन लिटर पुरतं. दसऱ्यानंतर तीन. दिवाळीनंतर वर खळगे कोरडे पडतात, फुलं गेलेली असतात आणि सड्यावर सावलीला एक झाड सापडत नाही. तेव्हा निघायचंच असेल तर दहाच्या आत पठार ओलांडलेलं बरं.