डागी सोयाबीन

नवरात्रातली दुसरी माळ. अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीमुळे निम्मे रस्ते बंद. मी लॅबमध्ये उशिरा पोचले, तर दारात शिरोळ तालुक्यातले एक मामा रुमालात सोयाबीन बांधून बसलेले. अडत्यानं 'डागी माल' म्हणून भाव पाडला होता आणि बुरशी आहे म्हणून चारचौघांत सुनावलं होतं. "मॅडम, बुरशी असंल तर असूंदे. पन औषध तर मी येळेवर मारल्यालं. तुमी बगून सांगा."

रुमाल सोडला. पिवळ्या दाण्यांवर काळपट ओघळ, दाण्याच्या डोळ्यापासून, म्हणजे दाणा शेंगेला चिकटलेला असतो त्या खुणेपासून, सुटलेले. काजळ पसरावं तसे. सोयाबीनवर बुरशीचा ओळखीचा डाग येतो तो जांभळट-गुलाबी. हा डाग डोळ्याच्याच रंगाचा होता. हे मी आजवर शोधनिबंधातल्या छायाचित्रांतच पाहिलं होतं.

सहा वर्षं मी वनस्पतींतल्या बारीक आरएनएवर काम करते. आरएनए म्हणजे जनुकावरून उतरवलेली प्रत; प्रथिन बनवायचा निरोप ती पेशीत नेते. पण या बारीक तुकड्यांपासून प्रथिन बनत नाही, म्हणून एके काळी त्यांच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. १९९० साली अमेरिकेत पेटुनियाची फुलं अधिक गडद व्हावीत म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुलं पांढरीशुभ्र आली. रंगाचं जनुक गप्प कशानं झालं, याचा धागा १९९९ मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम्ब यांना सापडला: जेमतेम पंचवीस अक्षरांचे, म्हणजे पंचवीस कड्यांच्या साखळीएवढे, आरएनएचे तुकडे.

पेटुनियातलं ते जनुक चाल्कोन सिंथेजचं, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या एका प्रथिनाचं, आणि सोयाबीनच्या सालीचा रंगही त्यावरच चालतो. रानटी सोयाबीनचा दाणा काळा असतो. पिवळ्या वाणांत याच जनुकाच्या काही प्रती एकमेकींकडे तोंड करून बसल्यात. त्यांचा आरएनए स्वतःवरच दुमडतो, पेशी त्याचे २१ अक्षरांचे तुकडे करते आणि ते तुकडे रंगाचा निरोप वाटेतच कापतात. हे घडतं फक्त सालीत. म्हणून त्याच झाडाला जांभळं फूल येऊ शकतं आणि दाणा मात्र पिवळाच.

मग डाग कुठून? सोयाबीन मोझॅक विषाणूही आरएनएचाच. झाड त्यालाही असंच कापायला जातं, म्हणून तो ही कात्रीच निकामी करणारं प्रथिन बरोबर आणतो. त्याचा हेतू स्वतःचा जीव वाचवणं एवढाच. पण त्या धुमश्चक्रीत सालीतला पहाराही उठतो, आणि दडपलेला काळा रंग वर येतो. जपानमधल्या संशोधकांनी हे २००४ मध्ये दाखवलं होतं.

वाळलेल्या दाण्याच्या सालीतून धड आरएनए निघत नाही. मामांचा उशिरा पेरलेला एक तुकडा अजून उभा होता, म्हणून नमुना जागीच गोठवायला द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन दुपारीच शेत गाठलं. शेंगा नुकत्या पिवळ्या पडत होत्या. शेंड्याची पानं आखडलेली, कडा खाली वळलेल्या. बांधावर बसून दाणे सोलले, सालीचे काळे आणि पिवळे भाग ब्लेडनं वेगळे केले. एकाच दाण्याचे दोन भाग, दोन नळ्यांत.

लॅबमध्ये दोन्ही नळ्यांतला आरएनए लांबीनुसार वेगळा करून पडद्यावर उतरवला आणि त्याची छाप फिल्मवर घेतली; तुकडे जितके जास्त, तितकी पट्टी गडद. पाचव्या दिवशी फिल्म धुतली. पिवळ्या सालीच्या रांगेत २१ अक्षरांच्या जागी ठसठशीत पट्टी, काळ्याच्या रांगेत नुसती सावली. पण आनंद आवरावा लागला. काळ्या सालीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, आरएनएला चिकटून बसतात. माल कमी निघाल्यामुळेही पट्टी फिकी दिसू शकते. त्याच पडद्यावर यू-६ हा नेहमी सारखा मिळणारा आरएनए तपासला. दोन्हीकडे तो सारखाच होता. म्हणजे काळ्या सालीत ते तुकडे खरोखरच कमी होते. मी ती फिल्म खिडकीशी धरून कितीतरी वेळ उभी होते.

मामांना फोन केला. बुरशी नाही, औषधात कसर नाही. माव्यानं पसरवलेला विषाणू आहे, बियाण्यातूनही येतो.

"मंग बिन डागाचं निवडून बियाला ठेवतो की."

"नको मामा. साल आईची असते, आतला जीव नवा. डाग आईच्या आजाराचा. डाग नसला तरी आत विषाणू असू शकतो, असला तरी नसू शकतो. वरून ओळखता येत नाही. या रानातलं बीच ठेवू नका."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आमच्या आयनं दोन पोती हातानं निवडल्यात. आठ दिस बसलीया." आणि फोन बाजूला धरून त्यांनी आईला हाक मारली.