मुद्दाम हलवलेला कॅमेरा

कॅमेरा हातात धरून फोटो काढायचा असेल तर शटर स्पीडचा खालचा आकडा लेन्सच्या फोकल लेंथपेक्षा कमी नको, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. ५० मिमी लेन्सला १/५० सेकंद, २०० मिमीला १/२००, आणि एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराचा सेन्सर असेल तर खालचा आकडा दीडपट. नियम उत्तम आहे. पण कॅमेरा मुद्दाम हलवून तो मोडायचाच असेल तर थोडासा मोडून भागत नाही. १/२० ला हललेलं झाड बघणाऱ्याला चूकच वाटतं, कारण कडा अजून ओळखू येतात, फक्त दुहेरी झालेल्या असतात. डोळा त्या जुळवायला जातो आणि थकतो. तेच झाड १/३ सेकंदात वरून खाली ओढलं की कडा उरतच नाहीत. खोडांचे उभे पट्टे होतात आणि फोटोकडे रंग-रेषांचं चित्र म्हणून बघता येतं. झाडांसाठी १/३० ते १/८ हा मधला टप्पा माझ्या मते सरळ सोडून द्यावा.

छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी बैलझुंजीचे हललेले रंगीत फोटो काढले आणि १९५७ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाने ते छापले. तेव्हाची कोडाक्रोम फिल्म फक्त १० एएसएची, म्हणजे प्रकाशाला फार कमी संवेदनशील होती, त्यामुळे शटर सावकाश ठेवायला अडचण नव्हती. आजचा सेन्सर उलट फार संवेदनशील आहे आणि खरी धडपड प्रकाश कमी करण्याची आहे. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) बरंच लहान ठेवून, साधारण १/१२५ मिळतो. तिथून १/४ पर्यंत यायला पाच स्टॉप लागतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे प्रकाश अडवणारा काळपट एनडी-३२ फिल्टर. तो नसेल तर एनडी-८ चे तीन आणि पोलरायझरचे दीड-दोन स्टॉप मिळून काम होतं. फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी शेवटच्या खुणेपर्यंत फिरवू नका, वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. आपल्या पावसाळ्यात मात्र हा सगळा खर्च वाचतो. आंबोली-महाबळेश्वरच्या दाट झाडीत जुलैच्या ढगाळ दुपारी एफ/१६ ला १/४ किंवा १/२ आपोआपच येतो.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक वेळा सांगितली जात नाही. शटर उघडं असताना सेन्सरवर प्रकाश साठत जातो, अंधार साठत नाही. म्हणून उजळ गोष्ट गडद पार्श्वभूमीवरून सरकली तर तिची रेघ उमटते. पण गडद गोष्ट उजळ पार्श्वभूमीवर हलली तर मागचा उजेड तिला खाऊन टाकतो. झाडांचे फोटो फसतात ते इथेच. फ्रेमच्या वर पांढरं आकाश असतं, कॅमेरा उभा ओढला की ते खाली सांडतं आणि खोडांचे शेंडे नाहीसे होतात. अशा वेळी आकाश फ्रेमबाहेर ठेवा. ओढ संपेपर्यंतही ते आत येता कामा नये, म्हणून खालून वर जाण्यापेक्षा वरून खाली या.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून समोरच्यांना हलू दिलं तरी हाच नियम लागतो. दिवे घाटातून पालखी चढते तेव्हा उंचावरून बघितलं तर मागे काळा डांबरी रस्ता असतो आणि त्यावर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. ढगाळ उजेडात एनडी-३२ लावून २ ते ४ सेकंद दिले की माणसांचा पांढरा प्रवाह दिसतो. तीच माणसं रस्त्याच्या पातळीवरून, आकाशाच्या पुढ्यात घेतली तर पुसट छाया तेवढ्या उरतात. मात्र सगळंच वाहून गेलं तर नजर कुठे टेकवायची? रशियन छायाचित्रकार अलेक्सी तितारेंको यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गमध्ये मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवरची गर्दी दीर्घ एक्स्पोजरने घेतली. माणसं धुक्यासारखी विरलेली आहेत, पण कठडा धरलेले हात काही क्षण थांबले म्हणून उमटले आहेत. त्या हातांमुळेच बाकीचं धुकं ही गर्दी आहे हे कळतं. वारीच्या फोटोतही कडेला थांबलेलं एक माणूस शोधा.

हाताची हालचाल शटरच्या आधी सुरू करा आणि शटर मिटल्यावरच थांबवा. सुरुवात किंवा शेवट एक्स्पोजरच्या आत आला तर तिथे हात रेंगाळतो आणि रेघेच्या टोकाला उजळ ठिपका पडतो. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांवर सराव करा, कारण प्रत्येक दिवा तुमच्या हाताचा मार्ग काढून दाखवतो. काही एलईडी दिव्यांची रेघ तुटक येते, तो तुमचा दोष नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. हाताचा कंप रोखणारं स्टॅबिलायझेशन लेन्समधलं आणि बॉडीतलं, दोन्ही बंद हवं. नाहीतर ते तुमची हालचाल आधी खोडून काढतं, त्याची मर्यादा संपली की सोडून देतं, आणि सरळ रेघेला मधेच वाक येतो.

सगळं धूसर असताना सेन्सरवरची धूळ मात्र दिसतेच. धूळ सेन्सरबरोबरच हलते, शिवाय एफ/१६ ला तिची सावली आणखी ठसठशीत होते. मऊ पट्ट्यांवर काळे गोल ठिपके फार खुपतात, म्हणून आधी सेन्सर साफ करून घ्या.

फ्लॅश वापरायचा असेल तर रिअर कर्टन सिंक निवडा, म्हणजे तो एक्स्पोजरच्या शेवटी पडतो. १/४ सेकंद, मूळ उजेड एक स्टॉप कमी. ढोल-ताशा पथकात टिपरू फिरताना रेघ उमटते आणि शटर मिटण्याआधी फ्लॅश पडून वादकाचा चेहरा पक्का होतो. फ्लॅश सुरुवातीला पडला तर रेघ टिपरूच्या पुढे जाते आणि वादन उलटं चालल्यासारखं दिसतं.

मोबाइलमध्ये अॅपर्चर सहसा लहान करता येत नाही, त्यामुळे दिवसा फिल्टरशिवाय हे जमत नाही. सूर्यास्तानंतर प्रो मोडमध्ये आयएसओ ५० आणि १/४ सेकंद ठेवून बघा. नाइट मोड नको, तो अनेक फ्रेम एकमेकींवर जुळवून हालचाल काढून टाकायलाच बनवलेला आहे.

फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली ठेवा. उजेड पसरल्याने कॉन्ट्रास्ट पडतो, तेव्हा एडिटिंग करताना लेव्हल्समध्ये काळा बिंदू आत ओढला की रंग परत येतात. शार्पनिंग आणि क्लॅरिटी शून्यावरच असू द्या. इथे कडा नाहीत, त्यामुळे ही साधनं फक्त नॉइज कोरून वर आणतात.