एआर प्लेट घेताना नुसता आकडा बघू नका

फॅब्रिकेशनमध्ये एआर प्लेटचं, म्हणजे घासून लवकर झिजू नये म्हणून कडक केलेल्या स्टीलच्या प्लेटचं, नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, ४०० की ५००? म्हणजे ब्रिनेल हार्डनेस, कडकपणाचा आकडा, किती. आकडा मोठा तेवढी प्लेट जास्त टिकणार असं सगळे धरून चालतात, बऱ्याचदा ते खरंही असतं, पण जिथे नसतं तिथे चांगली महागाची प्लेट वाया जाते आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

ब्रिनेल टेस्टमध्ये १० मिमीचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा ३००० किलोच्या लोडने प्लेटवर दाबतात आणि जो खळगा पडतो त्याचा व्यास मोजतात. साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचा आकडा साधारण १२० ते १५० येतो, एआर ४०० चा ३६० ते ४४० च्या मधे. कानस घेऊन बघितलंत तरी फरक कळतो. एमएसवर कानस लगेच लागते, चकचकीत चर पडतो, कीस निघतो, आणि एआरवर तीच कानस सरकत जाते, अगदी जोर लावला तर जेमतेम खरवडते, आवाजसुद्धा वेगळा येतो.

आता गंमत अशी की हा कडकपणा काही भरमसाट मिश्रधातू घालून येत नाही. कार्बन बहुतेक वेळा ०.३ टक्क्याच्या आसपास किंवा कमीच, मँगनीज, थोडं क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि अगदी किंचित बोरॉन. खरं काम पाणी देण्यात आहे. प्लेट ९०० डिग्रीच्या आसपास तापवून पाण्याच्या फवाऱ्याखाली झटकन थंड करतात, कार्बनला हलायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो आणि मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होते. पण उष्णतेने जे मिळवलं ते उष्णतेनेच जातं. नेहमीची एआर प्लेट २००-२५० डिग्रीच्या वर राहिली की नरम पडायला लागते, त्यामुळे भट्टीतून गरम माल जिथे पडतो त्या शूटला, म्हणजे माल घसरत जायच्या पन्हळीला, ही लावून उपयोग नाही. आणि बारीक बारीक पार्ट गॅसने कापले तर अख्खा तुकडाच तापतो, कागदावर ४०० राहतं आणि हातात भलतंच येतं. छोट्या पार्टला वॉटरजेट सगळ्यात सेफ, नाहीतर प्लाझ्मा किंवा लेझर.

वेल्डिंगचं तर अजून सांगतो, ७०१८ सारखा लो हायड्रोजन (वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा) रॉड ओव्हनमधून काढलेला कोरडाच पाहिजे आणि प्लेट जाड असेल तर प्रीहीट, म्हणजे आधी तापवून घेणं, पाहिजेच, कारण वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने पडणारा तडा वेल्डिंग झाल्या झाल्या दिसेल असं नाही, एक-दोन दिवसांनीही उघडतो, म्हणजे तोपर्यंत जॉब गाडीत चढलेला असतो. आणि जॉइंटची लाइन मालाच्या वाहण्याच्या दिशेने ठेवू नका, वेल्ड नरम असतं, माल तिथूनच नाली पाडत जातो.

आता मुद्दा आकड्याचा. वाळूतलं क्वार्ट्झ एआर ५०० पेक्षाही कडक असतं, म्हणजे प्लेट झिजणारच आहे, प्रश्न एवढाच की किती सावकाश. बारीक वाळू नुसती घसरत जात असेल तर ५०० घ्या, किंवा क्रोम कार्बाइड ओव्हरले, म्हणजे वर क्रोम कार्बाइडचा कडक थर चढवलेली प्लेट, घ्या, तिथे कडकपणाच कामाला येतो. पण डंपरच्या बॉडीत वरून मोठे दगड आदळतात, तिथे मार सहन करायची चिवट ताकद लागते, आणि हार्डनेस वाढला की सहसा चिवटपणा कमी होतो, बेंडिंगही अवघड होतं, म्हणून तिथे ४०० किंवा ४५० जास्त दिसतात. मँगनीज स्टील बघा, रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये काढलेलं, ११ ते १४ टक्के मँगनीज. नवीन असताना हार्डनेस जेमतेम २०० च्या घरात, पण दगड फोडायच्या जॉ क्रशरमध्ये दगडांचा मार बसत गेला की वरचा थर ५०० पर्यंत जातो. तेच स्टील वाळूच्या शूटला लावलं तर मारच नाही, मग कडक होणार कुठून, भराभर झिजून जातं.

अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. ८ मिमी एमएस काढून ६ मिमी एआर लावली की बॉडीचं वजन कमी होतं, तेवढा माल जास्त भरता येतो, हे सगळं बरोबर. पण ताठपणात दोन्ही स्टील सारखीच, आणि प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, म्हणजे ६ मिमीची प्लेट वाकण्याला निम्म्याहून कमी विरोध करते. ती तुटणार नाही, कायमची वाकणारही नाही सहज, पण लोडखाली जास्त लवते, म्हणून खालचे सपोर्ट कुठे आहेत ते परत बघावं लागतं.

आणि हो, कापून उरलेल्या तुकड्यांवर ग्रेड पेंटने लगेच लिहून ठेवा. मार्किंगचा कोपरा कापला गेला की एआर आणि एमएस शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात, मग कोणीतरी तोच तुकडा ब्रॅकेट म्हणून उचलतो आणि साध्या रॉडने थंडाच वेल्ड करून टाकतो.