ट्रॅक झीरो बॅड आलं म्हणून फ्लॉपी फेकू नका

चिपळूणला काकांचं डीटीपीचं दुकान होतं, ते बंद झालं तेव्हा ४८६ मशीन, म्हणजे तेव्हाचा कॉम्प्युटर, आणि फाइली साठवायच्या फ्लॉपी डिस्कचे चार डबे माळ्यावर गेले ते थेट या मे महिन्यात मी खाली काढले. मशीन सुरू झालं, डॉसचा, म्हणजे त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, प्रॉम्प्ट आला, मला खरंच भरून आलं. पण हार्ड डिस्क करकर करतेय, तिच्यात काकांनी केलेल्या लग्नपत्रिका आहेत, त्या आधी फ्लॉपीवर घ्यायच्या म्हणून "कोरी" लिहिलेली एक फ्लॉपी घालून फॉरमॅट (डिस्क लिहिण्यासाठी तयार करायची कमांड) दिलं तर मेसेज आला, इनव्हॅलिड मीडिया ऑर ट्रॅक झीरो बॅड, डिस्क अनयूजेबल, म्हणजे चकतीवरचा पहिलाच गोल पट्टा खराब, डिस्क निकामी. दुसरी घातली, तेच. ओळीने पाच झाल्या.

मग एकीचं पत्र्याचं शटर बोटाने सरकवलं आणि मागची चकती हळूहळू फिरवत आतली काळी फिल्म उजेडात बघितली, तर तिच्यावर बारीक पांढुरके ठिपके, रांगोळी सांडल्यासारखे. बुरशी! कोकणातला पावसाळा, दुसरं काय होणार. ही बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला, चिकटते आणि मग पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही तोच एरर येतो, वर चरे पडतात ते वेगळे. माझ्या हातून दोन चांगल्या फ्लॉपी अशाच गेल्या, अजून वाईट वाटतंय. त्यामुळे ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी प्रत्येक फ्लॉपीचं शटर उघडून बघा, प्लीज.

हेड साफ करायला पॉवर काढून ड्राइव्ह उघडला, कापसाच्या इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसलं. वरचं हेड स्प्रिंगवर असतं, ते जास्त उचलू नका, अलाइनमेंट गेली तर त्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी दुसरीकडे वाचता येत नाही. बडचं टोक पार तपकिरी झालं होतं. सुकू दिलं, परत फॉरमॅट दिलं आणि १.४४ एमबी शंभर टक्क्यांपर्यंत गेलं.

तरी एका डब्यातल्या स्वच्छ दिसणाऱ्या फ्लॉपींना एरर येतच होता. त्या हातात घेऊन नीट बघितल्या तर एकाच कोपऱ्यात भोक, राइट प्रोटेक्टचं (लिहिणं बंद करायचं), दुसरा कोपरा, जिथे १.४४ एमबीच्या एचडी (हाय डेन्सिटी) फ्लॉपीला भोक असतं, तो बंद. म्हणजे या डीडी (डबल डेन्सिटी), निम्म्या क्षमतेच्या, ७२० केबीवाल्या. डॉस नुसतं फॉरमॅट दिलं की ड्राइव्हची क्षमता धरून चालतो, ट्रॅकला ९ सेक्टर (तुकडे) हवेत तिथे १८ लिहायला जातो आणि पहिल्याच ट्रॅकला अडतो. बूट सेक्टर (डिस्कची मूळ माहिती) आणि फॅट (कोणती फाइल कुठे आहे त्याची नोंद) तिथेच असतात, मधे कुठे सेक्टर खराब निघाला तर डॉस त्यावर खूण करून पुढे जातो पण ट्रॅक झीरोला ते चालत नाही. फॉरमॅट ए कोलनच्या पुढे स्लॅश एफ कोलन ७२० दिलं, लगेच झाली, ७,३०,११२ बाइट्स. अशा अकरा फ्लॉपी वाचल्या.

डब्यात डीडीला सोल्डरिंग आयर्नने भोक पाडून एचडी केलेल्याही तीन निघाल्या, तेव्हा असं करायचे लोक. फॉरमॅट होतात, पण त्यांची कोटिंग एचडीसाठी नसते, लिहिलेलं टिकेल याचा भरवसा नाही, पत्रिकांसाठी मी त्या वापरणार नाही.

काल रात्री १९९६ चा पत्रिकांचा फोल्डर दोन फ्लॉपींवर उतरला. बुरशीवाल्या वेगळ्या पिशवीत ठेवल्यात, त्यांच्यासाठी आधी एक जुना, बिघडला तरी चालेल असा ड्राइव्ह शोधतोय.