मासेमारी बंदीचे दोन महिने आणि विकिपीडियावरचा एक लेख

१ जून

आजपासून मासेमारी बंद. ३१ जुलैपर्यंत देवगड बंदरात ट्रॉलर नांगरलेले असतील. लहान होड्या वर ओढून झापांनी शाकारून झाल्या आहेत. मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. होड्या नाहीत तर बर्फाला उठाव नाही, म्हणजे माझ्या संध्याकाळी रिकाम्या. त्या यंदा एकाच लेखाला द्यायच्या ठरवल्या आहेत: मराठी विकिपीडियावरचा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचा लेख.

आजची स्थिती अशी. एक अर्धवट माहितीचौकट, तीन परिच्छेद, संदर्भ शून्य. कुणीतरी यंत्राने भाषांतर करून तसंच जतन केलेलं दिसतं. अल्बम १९७३ साली 'मुक्त करण्यात आला' आणि त्यात एका 'सत्र गायिकेने' भाग घेतला, असं लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल, बाईंनी कुठल्या तरी अधिवेशनात गाणं म्हटलं. शिवाय हा 'जगातला सर्वाधिक खपलेला अल्बम' असल्याचं ठोकून दिलंय. तो मान मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा आहे. हे वाक्य आजच काढलं आणि संपादन सारांशात कारण लिहिलं.

५ जून

पायाभूत माहिती बसवली. मार्च १९७३ मध्ये प्रकाशित, हार्वेस्ट रेकॉर्ड्स, ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोडवरच्या इएमआय स्टुडिओत. बँडमधले चौघे: रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मोर, रिचर्ड राइट, निक मेसन. ध्वनिमुद्रण अभियंता ॲलन पार्सन्स. या कामासाठी त्यांना ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं. शेवटच्या मिश्रणावर देखरेख करायला ख्रिस थॉमस यांना बोलावलं होतं. जुन्या लेखात ही दोन्ही नावं नव्हती.

स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधीच त्यांनी ही सगळी मालिका मंचावर वाजवायला सुरुवात केली होती, हेही त्यात नव्हतं. पहिला प्रयोग २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनमध्ये झाला आणि यंत्रसामग्रीच्या बिघाडामुळे 'मनी' या गाण्याच्या वेळी मध्येच थांबला. आपल्याकडे दशावतारी मंडळी एखादं आख्यान गावोगाव करत करत बसवतात, तसंच हे. हा दाखला लेखात जाणार नाही, पण मला तो अल्बम खरा कळला तो इथे. एकसंध वाटतो, कारण तो अक्षरशः एकसंध वाजवला गेला होता.

९ जून

चंद्र. या एका शब्दावर दोन संध्याकाळी गेल्या.

चर्चा पानावर एका सदस्याने सुचवलं की शीर्षक मराठीत करूया, 'चंद्राची काळी बाजू'. मी विरोध केला. अल्बमचं नाव हे विशेषनाम आहे, ते देवनागरीत जसंच्या तसं राहावं आणि अर्थ पहिल्या ओळीत द्यावा. 'साईड' असं दीर्घ ईकाराने शोधणाऱ्यांसाठी पुनर्निर्देशन करून ठेवलं.

पण अर्थ तरी काय द्यायचा? या नावाचा रोख खगोलशास्त्राकडे नाही, वेडाकडे आहे. वेडसरपणासाठीचा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या चंद्राच्या नावावरून आला आहे, त्यामुळे तिथे चंद्र म्हटलं की भ्रमिष्टपणा आपोआप जवळ येतो. मराठीत तो धागा शब्दात नाही. 'अमाशेक त्येका भरता' असं आपण म्हणतो, पण ते समजुतीतून. म्हणून एक वेगळं वाक्य लिहिलं आणि त्याला लागूनच बँडचा संस्थापक सिड बॅरेट याच्याबद्दल दोन ओळी. त्याची मानसिक प्रकृती ढासळत गेली आणि १९६८ मध्ये तो बँडपासून दूर झाला. हे दोन्ही शेजारी आले तेव्हा कुठे शीर्षकाचा अर्थ लागला.

चंद्राची पलीकडली बाजू कायम काळोखात असते हा समज मात्र खोटा आहे. आपल्याला अमावास्या असते तेव्हा ती बाजू पूर्ण उजेडात असते. आम्ही किनाऱ्यावरची माणसं तिथीवर उधाण आणि भांग मोजतो, तरी हे मलाही लेख लिहिताना पहिल्यांदा नीट उमगलं.

१४ जून

वाईट दिवस. दुपारपासून वादळी पाऊस, गाण्यांच्या विभागाचा मोठा भाग थेट दृश्य संपादकात लिहीत होतो. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचं जाळंही गेलं. जतन केलेलं नव्हतं. तीन तासांचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी सड्यावर चढून, जिथे दोन दांड्या रेंज येते तिथे छत्री धरून पाहिलं, काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून आधी फोनच्या टिपणवहीत लिहितो, मग धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या पानावर टाकतो, दर परिच्छेदाला जतन करतो आणि सगळं जुळलं की मुख्य लेखात नेतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरून संपादन करणाऱ्या प्रत्येकाने असंच करावं, अशी कळकळीची विनंती.

१९ जून

'मनी' पुन्हा लिहिलं, आणि पहिल्यापेक्षा बरं झालं. सुरुवातीला नाण्यांचा खळखळाट, कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याच्या यंत्राची घंटी ऐकू येते. तो फितीचा एक वळसा आहे. वेगवेगळ्या आवाजांच्या फितीचे तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि जोडून गोल केले. तुकडे सात, म्हणून ठोके सात. आज हे संगणकावर क्षणात होईल. त्यांनी ताल इंचात मोजला होता. हे मला इतकं आवडलं की त्यावर चार वाक्यं खर्च केली, आणि चारही वाक्यांना संदर्भ आहेत.

पुढे मी हौसेने लिहिलं, 'हे गाणं रूपक तालासारखं सात मात्रांचं आहे'. मामाचा मुलगा आमच्या भजन मंडळात पखवाज वाजवतो. त्याला हेडफोन दिला. त्याने मांडीवर दोन आवर्तनं मोजली आणि मान हलवली. "सात आसत, पण रूपक न्हय. रूपकात पयल्या मात्रेर खाली असता. हंय पयलोच ठोको दणकून येता." त्याचं म्हणणं बरोबर होतं. शिवाय रूपकाशी तुलना करणारा स्रोत माझ्याकडे नव्हता, म्हणजे ते विकिपीडियाच्या भाषेत मूळ संशोधनच, स्रोताशिवायचं माझं स्वतःचं मत झालं असतं. वाक्य काढलं. आता लेखात इतकंच आहे: गाणं मुख्यतः ७/४ मापात आहे, डिक पॅरी यांचा सॅक्सोफोनही त्याच मापात वाजतो, आणि गिटारचा एकल भाग सुरू झाला की माप ४/४ होतं. ऐकणाऱ्याने तिथे टाळी धरून पाहावी, बदल हाताला कळतो.

२६ जून

मुखपृष्ठ. त्याचं चित्र मुक्त परवान्याचं नाही, त्यामुळे ते चढवायच्या फंदात पडलो नाही. शब्दांत उभं करायचं ठरवलं. रचना हिप्नोसिस या संस्थेची, रेखाटन जॉर्ज हार्डी यांचं. काळ्या पार्श्वभूमीवर काचेचा लोलक, डावीकडून पांढरा किरण आत, उजवीकडून रंगांचा पट्टा बाहेर. बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही.

रंग मोजायला बसलो. आपण शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलं, म्हणजे सात हवेत. मुखपृष्ठावर सहाच आहेत. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि थेट जांभळा. 'पा' नाही, पारवा गाळलाय. मराठी वाचकाला हे एका अक्षरात सांगता येतं, याचा मला फार आनंद झाला. 'सहा रंग, पारवा नाही' एवढं लेखात घातलं, सहा रंगांसाठी संदर्भासह.

३ जुलै

क्लेअर टोरी. माझ्या मते या लेखाचा गाभा हाच.

'द ग्रेट गिग इन द स्काय' हे राइट यांच्या पियानोवर उभं असलेलं गाणं. त्यावर कुणीतरी गावं असं ठरलं आणि पार्सन्सनी टोरी यांचं नाव सुचवलं. जानेवारी १९७३ मधली रविवारची संध्याकाळ. शब्द नव्हते, चालही ठरलेली नव्हती. स्वतःला एक वाद्य समजून त्या गायल्या, दोन-तीन वेळा, आणि घरी गेल्या. रविवार म्हणून दुप्पट मोबदला मिळाला, ३० पौंड. गाण्याच्या रचनाकारांत नाव एकट्या राइट यांचं. २००४ मध्ये टोरी न्यायालयात गेल्या, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेचं श्रेय राइट आणि टोरी असं दोघांना दिलं जातं. आपल्या जुन्या लेखात मात्र अजून एकट्या राइट यांचंच नाव होतं. ते दुरुस्त करताना हात थोडा थरथरला, खरंच सांगतो.

'सत्र गायिका' काढून 'या ध्वनिमुद्रणापुरती मोबदल्यावर बोलावलेली गायिका' असं केलं. लांब आहे, पण कळतं. त्या जे गातात त्याला काय म्हणायचं, हा खरा पेच होता. 'आलाप' म्हटलं तर रागाची अपेक्षा तयार होते, 'किंकाळी' म्हणणं अन्याय. संध्याकाळी पडवीत गाणं लावलं होतं. आजी शेजारी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं फोडत बसली होती. तिने हात थांबवला. "ह्या बायेक काय झाला? अशी कित्याक रडता?" मी काही बोललो नाही. गाणं पुढे शांत होत गेलं तशी ती पुन्हा म्हणाली, "रडणा न्हय ता. गाणाच आसा." आणि परत भिरंडं घेतली. लेखात मी 'शब्दविरहित गायन' लिहिलंय. आजीची दोन्ही वाक्यं तिथे बसली असती तर बरं झालं असतं.

११ जुलै

अल्बमचं नाव मध्यंतरी 'एक्लिप्स', म्हणजे ग्रहण, ठेवलं होतं, कारण १९७२ मध्ये मेडिसिन हेड या दुसऱ्या बँडने हेच चंद्राचं नाव वापरलं होतं. तो अल्बम चालला नाही आणि फ्लॉइडने नाव परत घेतलं. 'एक्लिप्स' हे शेवटच्या गाण्याचं नाव म्हणून राहिलं.

ग्रहणावरून आठवलं, आमच्याच तालुक्यातल्या विजयदुर्गाबद्दल सगळीकडे सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी किल्ल्यावरून हेलियम शोधला. लॉकियर यांनी आपलं निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केलं. गावाबद्दलचा अभिमान मलाही आहे, पण परक्या अल्बमच्या लेखाला जी काटेकोर फूटपट्टी लावतो तीच घरच्या लेखालाही लावायला हवी. तिथल्या चर्चा पानावर मुद्दा मांडून ठेवलाय.

२० जुलै

खपाचा आणि याद्यांचा विभाग आवरला. जुन्या लेखात 'सलग' इतके आठवडे यादीत असल्याचं होतं. सलग नव्हे. १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत सातशेहून अधिक आठवडे, मध्ये खंड पडत. पहिल्या क्रमांकावर तो तिथे एकच आठवडा होता, आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. हे मला गाजावाजापेक्षा जास्त सांगून जातं.

लेख आता ३४,००० बाइटांचा झालाय. कुणी इंग्रजी लेखाच्या आकाराशी ताडून पाहू नका. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे आपला आकडा फुगलेला दिसतो. मी वाक्यं आणि संदर्भ मोजतो. संदर्भ ४१, त्यांतले दोन मला अजून पटत नाहीत. ते बदलायचे आहेत.

३१ जुलै

उद्या बंदी उठते. दर्या खवळलेलाच आहे, बहुतेक तांडेल (होडीचे प्रमुख) नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच होड्या बाहेर काढतील, पण कारखान्याची यंत्रं आज दुपारीच सुरू झाली. माझ्या संध्याकाळी संपल्या.

राहिलेली कामं: 'टाइम' या गाण्यातल्या घड्याळांबद्दल अजून एक ओळ हवी. पार्सन्सनी ती जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती. पहिल्या आणि शेवटच्या क्षणाला ऐकू येणारे हृदयाचे ठोके मेसन यांच्या बास ड्रमचे आहेत, हे सध्या तळटीपेत अडकलंय, ते वर आणायचंय. लेख कुणीतरी परक्या नजरेने वाचून द्यावा, शुद्धलेखनासकट. पहाऱ्याच्या सूचीत टाकून पुढच्या बदलांवर लक्ष ठेवलं तर फार उपकार होतील.

ज्यांच्यावर अजून लेख नाही त्यांचे दुवे विकिपीडियावर लाल दिसतात. त्या लाल दुव्यांपैकी ॲलन पार्सन्स, ख्रिस थॉमस आणि हिप्नोसिस अजून लाल आहेत. काल रात्री क्लेअर टोरींवर सात ओळींचा लेख जतन केला. त्यांचं नाव आता निळं दिसतं.